भाऊजींच्या गोगलगायी

भाऊजींनी प्लास्टिकच्या पिशवीची गाठ सोडली आणि ती तशीच फिशटँकवर उपडी करायला हात उचलला.

"थांबा भाऊजी!" वहिनी शिलाई मशीनवरून उठल्या. "सगळ्या नका सोडू. आधी मला बघू द्या."

खाली टेम्पो उभा होता. भाऊजी टँक न्यायला आले होते. थोरल्या भावाला जाऊन दोन वर्षं झाली, त्याची आठवण म्हणून टँक आपल्या नव्या दिवाणखान्यात ठेवायचा असं त्यांनी ठरवलं होतं. ठरवलं म्हणजे जागा मोजून, टेम्पो सांगून, मगच वहिनींना फोन केला होता. वहिनी "या तर खरं" एवढंच म्हणाल्या, आणि भाऊजींनी तो होकार धरला. हलवलेल्या टँकमध्ये शेवाळ माजतं असं दुकानदाराने सांगितलं, म्हणून येताना मूठभर गोगलगायीही आणल्या. माणूस मनाने वाईट नव्हता. फक्त समोरच्याचं उत्तर आपणच देऊन मोकळं व्हायची सवय होती.

टँक वहिनींच्या मशीनला लागूनच होता. वाळूवर बुटकी हिरवळ, मधल्या लाकडावर गडद रुंद पानं, आणि मागच्या बाजूला केसांसारखी बारीक पानं पार पाण्याबाहेर डोकावणारी. त्यातून इवलेसे लाल मासे ये-जा करत. कपडे शिवायला येणाऱ्या बायका माप देताना हात वर करायचं विसरून टँककडेच बघत राहायच्या.

वहिनींनी पांढऱ्या ताटलीत टँकमधलंच पाणी घेतलं आणि पिशवी तीत रिकामी केली. चष्मा सारखा केला. दोरा ओवायचा लांब चिमटा उचलला. पहिलीच गोगलगाय नाकाशी नेऊन त्यांनी बाजूला ठेवली.

"ही दुकानातच गेलेली. तुमच्या गळ्यात मारलीय."

मग एक मोठी, पिवळीधमक. भाऊजी पुढे सरसावले. "ही मात्र राहू द्या वहिनी. मुद्दाम निवडून घेतलीय. काय रंग आहे!"

"रंगाचं काय घेऊन बसलात, खांदा बघा हिचा. शंखाचा वेढा वेढ्याला मिळतो तिथे कशी खोल घळ आहे. ही जात झाडं खाते. चार दिवसांत टँक भादरून ठेवील. खांदा सपाट असता तर मीच ठेवून घेतली असती."

शंखाला खांदा असतो, हेच भाऊजींना नवीन होतं.

"ह्या पट्टेवाल्या चांगल्या," वहिनी चिमट्याने एकेक वेगळी करत म्हणाल्या. "काचेवरचं शेवाळ खरवडतात, पानांच्या वाटेला जात नाहीत. लाकडावर तिळाएवढी पांढरी अंडी चिकटवतात, तेवढं चालवून घ्यायचं. गोड्या पाण्यात ती फुटत नाहीत, म्हणजे गोतावळा वाढत नाही. आणि ह्या निमुळत्या वाळूत शिरून मुळांशी मोकळं करतात. पण माशांना जरा जास्त खाणं पडलं की ह्यांचं गावच्या गाव होतं. थोड्याच घेऊ."

"वा वहिनी!" भाऊजी मनापासून म्हणाले. "दादानं चांगलं तयार केलं तुम्हाला."

वहिनींनी चिमट्याने आणखी एक निमुळती बाजूला काढली. नवऱ्याचं कौतुक कानावर पडलं की त्यांना बरं वाटायचं. बिचाऱ्याच्या वाट्याला ते हयातीत फारसं आलं नव्हतं, आणि माशांच्या नादाची तर घरादाराने टिंगलच केली होती. टँक त्यांना द्यायचा नव्हता. पण द्यायचा नाही म्हटलं की का ते सांगावं लागणार होतं, आणि ते सांगितलं की हे कौतुक तिथल्या तिथे संपणार होतं.

"भाऊजी, टँक इथेच राहू दे," त्या एवढंच म्हणाल्या.

"रागावू नका वहिनी." भाऊजींनी आवाज खाली आणला. "दादा गेला तेव्हा मी आलो होतो, तेव्हाही टँक असाच हिरवागार होता. तुम्ही दोन वर्षं पाणी बदललंत, मासे जगवलेत, मानलं तुम्हाला. पण ही दादाच्या हातची झाडं आहेत. त्याने लावलेली. तुम्हाला दिवसभर मशीन. उद्या तुमच्या हातून ती मेली, तर मला बघवायचं नाही."

खालून टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. भाऊजींनी खिडकीतून "आलो, आलो" म्हणून हात केला.

वहिनींनी आपल्या हातांकडे पाहिलं. बोटांची टोकं पाण्याने सुरकुतली होती, नखांच्या कडेला हिरवट रंग बसला होता. इतका वेळ त्यांना वाईट वाटत होतं. आता वाटेना. उलट या हातांचा त्यांना इतका अभिमान वाटला की हसूच आलं. त्यांनी बाही वर केली, पट्टेवाली एक गोगलगाय अलगद आत नेली आणि काचेला टेकवली. ती जरा वेळ तशीच राहिली, मग अंग बाहेर काढून सावकाश वर चढू लागली. वहिनींनी पदराला हात पुसले.

"तुमच्या दादांची झाडं न्यायचीत ना? मग न्या की. माळ्यावर खोक्यात आहेत, मी धुऊनपुसून ठेवलीत. आणि काळजी करू नका भाऊजी, तुमच्या हातून मरायची नाहीत. प्लास्टिकची आहेत."