सुनेच्या लग्नाचं जेवण

बेकरीवाल्याने सकाळचे पाव काढून भट्टी मोकळी करून दिली, तेव्हा म्हातारी त्याच्या मागच्या ओट्यावर तलंगांच्या पोटात लिंबाच्या फोडी भरत बसली होती. अजून अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्या, ओंजळीत मावतील एवढ्या. पाहुण्यांना माणशी एक. सून दुसऱ्या घरी चालली होती आणि तिच्या लग्नाचं जेवण सासूने अंगावर घेतलं होतं.

लोकांनी बोलायचं ते बोलून घेतलं होतं. मुलगा गेला, त्याची बायको उजवतेय, वर हौसेने गावजेवण घालतेय. म्हातारीच्या नणंदेने आचारी बोलवायचं सुचवलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, की माझ्या घरातून पोर जातेय, तिला भाड्याच्या हातचं कशाला घालू?

कातडीखाली बोटं सरकवून ती मसाला आतवर चोळत होती. लोणी, ठेचलेला लसूण, मीठ आणि नावाला मिरपूड. मग पंख पाठीखाली मुडपायचे, पाय सुतळीने आवळायचे. बघायची गरजच नव्हती. याच चवीच्या कोंबड्या त्या घरात वर्षानुवर्षं होत आल्या होत्या. मुलाचं पोट नाजूक; तिखटाचा कण लागला तरी ताट सरकवायचा.

मध्येच बेकरीवाल्याने विचारलं, की सुनेचा नवा नवरा म्हणजे तुमचा नक्की कोण? म्हातारी म्हणाली, दुसरा शब्द मिळेपर्यंत जावई म्हण.

पहिले ट्रे भट्टीत गेले आणि त्या जावयाची आई येऊन टेकली. कुणी बोलावलं नव्हतं. बाह्या सारून तिने लसणाची टोपली पुढ्यात ओढली आणि सोलायला लागली. आमचा मुलगा काय, दगडही पचवेल, असं म्हणाली. मग हात न थांबवता तिने विचारलं,

"विहीणबाई, तिला कसं आवडतं? मला ठाऊक असलेलं बरं. आता माझ्याकडेच जेवायची ती."

म्हातारीने सांगायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. सून कुठल्या कुशीवर झोपते, ताप आला की डोक्यावरून पांघरूण कसं घेते, थंडीत तिची कुठली टाच आधी फुटते, सगळं सांगता आलं असतं. पण खाण्याचं? भांड्यात जे उरेल ते ती खायची. हे हवं, ते नको, असं कधी तिच्या तोंडून निघालं नव्हतं.

हात पुसून ती शेजारच्या आपल्या घरात गेली. सून आरशासमोर केस विंचरत होती.

"तुला कोंबडी कशी आवडते गं?"

सून आधी हसली. मग सासू थट्टा करत नाही हे तिच्या लक्षात आलं. आज कशाला ते, म्हणून तिने विषय टाळून पाहिला. म्हातारी दारातून हलली नाही.

"झणझणीत," सून हळूच म्हणाली, चोरी कबूल करावी तशी. "घाम फुटेल अशी."

आणि इतकी वर्षं? दुपारी सासूचा डोळा लागला, की ती मिरचीला मीठ लावून कच्चीच खायची म्हणे. देठ राखेत पुरायचे.

"मग तोंड शिवलं होतं का तुझं?"

"कुणी विचारलं नाही, आई." त्यात तक्रार नव्हती. वाजले किती विचारल्यावर सांगावं तसं तिने सांगितलं.

म्हातारी बाहेर आली आणि बेकरीवाल्याला म्हणाली, ट्रे बाहेर काढ. तो कुरकुरला, भट्टीचा ताव जाईल म्हणाला. तरी त्याने काढले. तिने लाल मिरच्या खलबत्त्यात घातल्या. पहिल्या चार ठोक्यांतच बेकरीवाला शिंकत रस्त्यावर गेला. विहीणबाईने नाकाला रुमाल लावला. तिचं म्हणणं, सुनेची एक वेगळी भाजावी. पाहुण्यांना कशाला शिक्षा?

"वेगळी केली, की ती पुन्हा कोपऱ्यात जाऊन खाईल," म्हातारी म्हणाली. "आज सगळे तिच्या चवीचं खातील."

विहीणबाईने मिरचीचं लोणी बोटांवर घेतलं आणि एक तलंग आपल्याकडे ओढली.

दुपारी बेकरीमागच्या मोकळ्या जागेत टेबलं मांडली होती. कोंबड्या तांबूस, कातडी कुरकुरीत, वरून भट्टीत सुटलेला रस. दुसऱ्या घासालाच पाण्यासाठी हाका सुरू झाल्या. नणंद तोंडाजवळ हाताने वारा घेत पुटपुटत होती. जावयाचे कान लालबुंद झाले, पण पठ्ठ्या मान वर न करता खात होता.

सुनेने पहिला तुकडा डोळे मिटून खाल्ला. मग तंगडी उपटली, हाड मोडून चोखलं. मनगटापर्यंत तेल आलं होतं, नाक वाहत होतं, डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, आणि पाण्याच्या पेल्याला तिचा हात लागला नव्हता.

शेजारीण म्हातारीच्या कानाशी वाकली. बिचारी, म्हणाली, भरल्या ताटावर रडतेय. पहिल्याची आठवण इतक्यात कशी जाईल.

म्हातारीने सुनेकडे पाहिलं.

"रडत नाहीये," ती म्हणाली. "जेवतेय."