विचारपूस

पोलिसाने हात दाखवला तशी उल्काने गाडी थांबवली. हॉलंडमधला बाजार आटोपून जर्मनीत परतताना या रस्त्यावर तिला पहिल्यांदाच कुणीतरी अडवत होतं.

तिच्या वडिलांनी, आप्पांनी, हे पाहायला हवं होतं. मिरजेच्या जकात नाक्यावर ट्रक अडवण्यात त्यांचा उभा जन्म गेला. ही उघडी सरहद्द त्यांना कधी पटलीच नाही. दर रविवारी ते तिच्या शेजारी पासपोर्ट हातात घेऊनच बसत आणि बंद चौकी आली की तो काचेला लावून धरत.

"आप्पा, आत कुणीही नाहीये," ती हसायची.

"तू आता इथली झालीस बाई. मी परका ना? मला तरी अडवायला नको? अडवलं की निदान माणसाची विचारपूस होते."

गेल्या थंडीत आप्पा गेले आणि या महिन्यात तपासणी पुन्हा सुरू झाली. उल्काने गाडीच्या कप्प्यातले दोन्ही पासपोर्ट, त्यांना एकत्र बांधलेलं रबर न काढताच, पुढे केले. एक तिचा जर्मन, दुसरा आप्पांचा निळा.

पोलिसाने निळ्यातला फोटो पाहिला. मग वाकून शेजारची रिकामी सीट पाहिली.

"हे गृहस्थ कुठे आहेत?"

या परदेशात आप्पांबद्दल तिला आजवर कुणी काही विचारलं नव्हतं. मागच्या गाड्या हॉर्न वाजवू लागल्या. उल्काने इंजिन बंद केलं आणि सांगायला सुरुवात केली.