नॉर्मल तोंड

"आज खुर्चीत मीच बसणार," शकुताई म्हणाली आणि पदर खोचून बसलीसुद्धा.

"दर वेळी तूच काय गं?" तिच्याबरोबर काम करणारी रश्मी वैतागली. "या बॅचला मला बसू दे ना. फोटो काय फक्त तुझेच काढायचे?"

घाटकोपरच्या त्या आरोग्य केंद्रात वर्षभर हाच तमाशा चालला होता. तोंडाचा कॅन्सर वेळीच कसा ओळखायचा, ते शिकायला परदेशातल्या नर्स यायच्या. एका खुर्चीत आजारी तोंड, दुसरीत निरोगी. आजारी तोंडं वस्तीत रग्गड. निरोगी म्हणजे शकुताई. नेपाळ झालं, श्रीलंका झालं, केनिया झालं, पण बाई खुर्ची सोडेना. हौस, दुसरं काय! आ तर एवढा मोठा करायची की बघणाऱ्याचा जबडा दुखावा. हल्ली वड्याबरोबरची मिरचीसुद्धा नको म्हणायची. नॉर्मल तोंड जपते, म्हणून सगळे तिला हसायचे.

बाई तशी कडक. वीस वर्षं आरोग्यसेविका. बायकांच्या हातातून मिश्रीच्या डब्या हिसकावून घ्यायची. "भाजलेली तंबाखूच ना ही? दात नाही, जीव घासतेस तू," म्हणायची. तिच्या धाकानं अर्ध्या वस्तीनं मिश्री सोडली होती.

डॉक्टर इरावतींनी टॉर्च मारला. "हे गाल, ह्या हिरड्या. नॉर्मल. चला पुढे."

पुढच्या खुर्चीत अंबादास होता. गुटख्यानं त्याचं तोंड दोन बोटंही उघडत नव्हतं. सगळ्या जणी तिकडे वळल्या.

टांझानियाहून आलेली नर्स नीमा तेवढी मागे राहिली. तिला मराठी येत नव्हतं, शकुताईला इंग्रजी. नीमानं वहीत लिहिलेल्या तपासणीच्या पायऱ्या बघितल्या, हातमोजे चढवले आणि स्वतःची जीभ बाहेर काढून दाखवली. शकुताईनं लगेच काढली. नीमानं ती गॉजच्या पट्टीत धरून एका बाजूला ओढली.

"नीमा, ते नॉर्मल आहे," इरावती मॅडम इंग्रजीत म्हणाल्या. "इकडे ये."

नीमा हलली नाही. तिनं जिभेखाली बोट दाबलं. शकुताईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"मॅडम," नीमा हळूच म्हणाली, "तुम्ही बघता का जरा?"

मॅडमनी बघितलं. जिभेखाली, अगदी मागे, रुपयाएवढा पांढरा चट्टा. मधोमध जखम. कडा टणक. त्यांनी पुन्हा दाबून बघितलं आणि टॉर्च बंद केला. रश्मी तोंडावर हात धरून रडू लागली.

"शकुताई, अहो, कधीपासून आहे हे? तुम्हाला कळलं कसं नाही?"

शकुताईनं पदरानं तोंड पुसलं.

"कळलं होतं मॅडम. पहिल्या बॅचच्याही आधी. सगळ्यांच्या डब्या काढून घेतल्या, माझी मिश्री काही सुटली नाही. सांगायची लाज वाटली."

नीमाला यातलं अक्षर कळत नव्हतं. तरी तिनं शकुताईचा हात सोडला नव्हता.

"म्हणून दर वेळी मीच बसत होते. वाटायचं, आज तरी कुणी जीभ उचलून बघेल."