शूटिंगचं अंगण

तीर्थपुरीच्या हवेलीत लग्नाच्या सीनचं शूटिंग होतं, अन् नवरीच्या आईचं काम करणारी नटी ऐनवेळी आलीच नाही. डायरेक्टरनं घरातल्या संतोषबाईंपुढं लाल चुनरी धरली. रझाकारीच्या साली नवरा गेल्यापासून त्या रंगाला शिवल्या नव्हत्या. "बसा भाभी, पिक्चरच तर हाय," धाकटे दीर नथमलशेठ म्हणाले. हिरॉइनच्या डोक्यावर हात ठेवताना संतोषबाईंना खरंच रडू कोसळलं.

पुढच्या साली त्याच अंगणात त्यांच्या लेकीचं लग्न लागलं. अपशकून नको म्हणून संतोषबाईंना मागच्या खोलीत बसवलं होतं. तिथं त्यांना व्याह्यांचा आवाज ऐकू आला, "पिक्चरमधी नवरीची आई इथंच आशीर्वाद देती ना? कोण हो ती बाई?"



"ती व्हय? बंबईची नटी हाय," नथमलशेठ म्हणाले.