परकं गिऱ्हाईक

"झाकण उघडून बघू का गं?" स्टॉलपुढे थांबलेल्या एका अनोळखी काकूंनी चिमीला विचारलं.

टेबलावर एवढे पेले, वाट्या, कुंड्या मांडून ठेवल्या होत्या, पण काकूंचा हात पडला तो नेमका निळ्या बरणीवर. दिसायला बरणी अगदी राजबिंडी होती. सुट्टीभर चिमीने कुंभाराच्या चाकावर जे काही वळलं, त्यात न डगमगता उभी राहणारी तेवढीच. फक्त तिचं झाकण उघडत नव्हतं. चकाकीचा लेप लावल्यावर झाकण टेकतं ती कड पुसून घ्यायची असते. चिमीने ती पुसली नाही. भट्टीत लेप वितळला आणि झाकण नि बरणी एकमेकांना अशी बिलगली, की आता त्यांना वेगळं करायचं तर हातोडाच हवा.

"बघा ना," चिमी म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

सुट्टीतला हा शेवटचा बाजार होता. घरच्या गॅलरीत एकतर तिचं चाक राहील नाहीतर दादाची व्यायामाची वजनं, दोन्ही मावणार नाहीत, हे भांडण आईपर्यंत गेलं होतं आणि आईने निकाल दिला होता: सुट्टी संपायच्या आत एक तरी वस्तू परक्या माणसाने विकत घेतली तर चाक राहील. तसा माल दणक्यात खपला होता. पण घेणारे कोण? आत्या, झाडून साऱ्या मावश्या आणि आत्याची एक मैत्रीण. मैत्रिणीवर चिमीची सगळी भिस्त होती, पण दादाने तिलाही उडवलं. "ती आपल्याकडे जेवून गेलीये. बाद!"

आणि आज तो सकाळपासून स्टॉलच्या कडेला हाताची घडी घालून पंचासारखा उभा होता.

काकूंनी झाकण ओढलं. मग फिरवलं. मग खांद्यावरची पर्स टेबलावर ठेवली, बरणी पोटाशी आवळली आणि पुन्हा फिरवलं.

"घट्ट आहे हो फार."

"हवाबंद आहे ना," दादा म्हणाला. चिमीने टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला.

काकूंच्या कपाळावरचा घाम बघून मात्र तिला राहवेना. "काकू, खरं सांगू का? ती उघडत नाही. कधीच उघडणार नाही. भाजताना चिकटली, माझीच चूक. तुम्ही त्यापेक्षा हा पेला घ्या ना. हा गळत नाही. म्हणजे, फारसा नाही."

"चिकटलीबिकटली काही नाही," दादा बाह्या सरसावत पुढे आला. "हिच्या मनगटात जीव नाही, एवढंच. द्या इकडे."

दादाने बरणी घेतली आणि हसत हसत झाकणाला पीळ दिला. मग हसणं थांबलं. मग त्याच्या मानेच्या शिरा तट्ट फुगल्या. शेजारची साबणवाली आपला गल्ला सोडून बघायला आली. मेणबत्तीवाले आजोबा आले, आजोबांचं कुत्रं आलं.

"रुमालाने धर रे!"

"उलटी कर, उलटी!"

"अहो, त्याला श्वास तरी घेऊ द्या!"

दादा खाली बसला. बरणी गुडघ्यांत दाबली, डोळे मिटले आणि आईच्या नावाने एकच हिसका दिला. आत काहीतरी 'टक्' झालं.

"निघालं!" दादा ओरडला.

कसलं निघतंय! झाकण जागच्या जागी होतं. आतून लोंबणारा लेपाचा एक सुकला थेंब तेवढा तुटून पडला होता. आता बरणी हलवली की खुळखुळ वाजायची.

पर्स खांद्याला लावून निघालेल्या काकू थबकल्या. "परत हलव बघू."

खुळखुळ.

काकूंनी मागे वळून पाहिलं. पलीकडच्या बेकरीच्या स्टॉलवर टोपीवाले एक काका चाखायला ठेवलेली बिस्किटं एकापाठोपाठ एक चाखत होते, आणि दर वेळी विचारात पडल्यासारखा चेहरा करत होते.

"आमचे हे," काकू हळूच म्हणाल्या. "डॉक्टरांनी गोड बंद केलंय. घरातला एक डबा सोडत नाहीत. कपाटाला कुलूप घातलं, तर किल्ली हुडकून काढली." त्यांनी बरणी दादाच्या मांडीवरून उचलली. "ही बांधून दे."

"पण काकू, ती रिकामी आहे!"

"हे तुला माहीत आणि मला माहीत."

कागद गुंडाळता गुंडाळता चिमीने विचारलं, "काकू, तुम्ही आमच्या कुणी लागत नाही ना?"

"छे गं. का?"

"आमच्याकडे कधी जेवायला आला होतात?"

"तुमचं घरसुद्धा मला माहीत नाही!"

चिमीने दादाकडे पाहिलं. दादा आपले लालभडक तळवे तपासत होता.

तोंडाभोवतीचा चुरा झटकत काका आले, आणि काकूंनी बरणी त्यांच्याच हातात दिली. "पाहुण्यांसाठी बिस्किटं आहेत आत. हात लावायचा नाही." एवढं बोलून त्या तरातरा पुढे चालायला लागल्या.

काका त्यांच्या मागे निघाले. बाजाराचं फाटक चिमीच्या स्टॉलला लागूनच होतं, तिथे ते रेंगाळले. बायकोच्या पाठीकडे एकदा नजर टाकली, कागद सोडवला, बरणी कानाशी नेली आणि हलवली.

"एकच उरलंय वाटतं," ते स्वतःशीच म्हणाले, पण चेहरा असा उजळला होता, की जणू डबाभर मिळालीत. मग ते फाटकाच्या पायरीवर टेकले आणि बरणी त्यांनी गुडघ्यांत धरली.

दादाने हे पाहिलं. मग उठला, तळवे पँटीला पुसले आणि जाऊन त्यांच्या शेजारी बसला.

"सरका काका," तो म्हणाला. "तुम्ही बूड धरा."