अशा आया

"आई, और चावल," अनन्या म्हणाली, आणि सुनीतीबाईंनी तिला वरणभाताचा पुढचा घास भरवला. बापाचं, म्हणजे प्रसादचं, ऐकून नातही आजीला आईच म्हणायची.

समोर सोफ्यावर प्रसादचे मोठे साहेब आणि त्यांची बायको चहा घेत बसले होते. प्रसादची पुण्याला बदली साहेबांच्या एका शब्दावर अडली होती. म्हणून उत्तरेतल्या त्या हिंदीभाषक शहरात, विकास नगरातल्या फ्लॅटमध्ये सकाळपासून नुसती धावपळ चालली होती.

मॅडम आजी-नातीकडे कौतुकाने पाहत होत्या. अनन्याचं "आई" त्यांनी "आया" असं ऐकलं.

"प्रसाद जी, ऐसी आया आजकल मिलती कहाँ हैं?"

प्रसादने तोंड उघडलं, साहेबांकडे पाहिलं. साहेबांच्या बायकोची चूक साहेबांदेखत काढायची, तर बदलीच्या नावाने आंघोळच. "जी मैडम, किस्मत है हमारी," तो हसून म्हणाला.

सुनीतीबाईंचं हिंदी भाजीवाल्यापुरतं. त्यांनी ऐकलं ते मराठीतच. आया म्हणजे आईचं अनेकवचन; अशा माउल्या आजकाल मिळतात कुठे! त्यांचा ऊर भरून आला. या शहरात आल्यापासून त्यांना कुणी चांगलं म्हटलं नव्हतं, घरातही नाही. पाहुणे जिना उतरताच त्यांनी मुलाला गाठलं.

"ऐकलंस ना रे, काय म्हणाल्या? अशा आया मिळत नाहीत म्हणे."

"हो, ऐकलं," प्रसाद म्हणाला. मान वर न करता त्याने कप गोळा केले आणि तो आत गेला.

तेवढ्यात बेल वाजली. दारात साहेबांचा ड्रायव्हर उभा होता, हातात एक विटकी शाल.

"मैडम ने गाड़ी से भिजवाई है, ठंड बहुत है ना. आया आप ही हैं?"

एकट्या बाईला हा आया का म्हणतो, हे सुनीतीबाईंना क्षणभर कळेना. मग त्यांना वाईच्या बालवाडीतली आया आठवली, पोरांची नाकं पुसणारी. मुलगा हसून काय म्हणाला होता, तेही आठवलं. त्यांनी शाल घेतली आणि दार लावलं.

"कौन आया?" आतून प्रसादने सवयीने हिंदीतच विचारलं.

शाल खांद्यावर ओढून घेत त्या म्हणाल्या, "आया."