खरी नक्कल

चैतालीने वाचनालयाच्या वेबसाइटवर कल्याणीताईंचं सदर उघडलं आणि रतनकाकांनी डोळे गच्च मिटून घेतले.

"सांग. मी बघत नाही."

येरवड्याच्या त्या वाचनालयाची वेबसाइट गेल्या महिन्यात नव्या सर्व्हरवर हलवली होती. तेव्हापासून मराठीच्या जागी नुसत्या परदेशी खुणांचा बुजबुजाट झाला होता.

"काका, अक्षरं शाबूत आहेत. मशीन ती चुकीच्या पद्धतीने वाचतंय, एवढंच." तिने खटाखट काहीतरी बदललं. "उघडा डोळे."

ताईंचे लेख एकामागून एक मराठीत उमटले. काकांचा जीव भांड्यात पडला. पण तो तिथे फार वेळ टिकला नाही, कारण शेवटच्या लेखात नुसती प्रश्नचिन्हं होती.

"हा कोणीतरी दुरुस्त करायला गेलं आणि सेव्ह केला."

"अभय. आमचा ग्रंथपाल," काका म्हणाले. "मदत केली त्याने. भरपूर."

"प्रश्नचिन्हांतून परत काही निघत नाही, काका. जुना सर्व्हरही बंद झालाय."

नेमका पत्नीचा तोच शेवटचा लेख काकांनी वाचला नव्हता. तो लिहून आठवडाभरात कल्याणीताई गेल्या, आणि मग वर्षभर काकांना तो उघडायचा धीर झाला नाही. उघडला तर खुणा!

काकांनी पिशवीतून एक रजिस्टर काढलं. "हसू नकोस."

कोर्टाच्या नक्कल विभागात त्यांची छत्तीस वर्षं गेली होती. कागद खराब व्हायला लागला की आधी जसाच्या तसा उतरवून घ्यायचा, अर्थ मागाहून, हा तिथला शिरस्ता. म्हणून अभयचा हात लागायच्या आधी, तीन दिवस बसून, त्यांनी त्या लेखाची एकेक खूण शाईने उतरवली होती. जिथे काहीच दिसत नव्हतं तिथे जागा सोडली होती.

चैताली हसली नाही. ती बघतच राहिली.

"खाली सही नाही केली," काका ओशाळून म्हणाले. "वाचता येत नाही त्यावर कशी करायची?"

तिने रजिस्टर शेजारी ठेवलं आणि एकेक खूण टाइप करायला घेतली. मोकळ्या जागा अंदाजाने भरल्या. दोन तासांनी तिने एक बटण दाबलं आणि लॅपटॉप काकांकडे वळवला.

'आज ह्यांनी चहा केला. साखर घालायला विसरले. छान झालाय म्हटलं, तर लगेच दुसरा कप आणून दिला. तोही तसाच. तोही प्यायले.'

काका हसले, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले.

"एकही चूक नाही, काका."

त्यांनी चष्मा पुसला, खिशातलं पेन काढलं आणि रजिस्टरच्या शेवटच्या पानावर, त्या खुणांच्या खाली, वळणदार अक्षरात लिहिलं : खरी नक्कल. मग तारीख घालून सही केली.